लाल्याच्या गालावरचे ठिपके

लाल्याच्या गालावर ठिपके आलेले आधी मला दिसले. मी कोणालाच सांगितलं नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. दूध पिताना चांगीच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचे बारीक दाणे येतात ना, तसे ते दिसत होते. पांढरे, कल्ल्याच्या झाकणीवर ओळीनं मांडलेले, आणि छातीजवळच्या पंखाच्या पुढच्या कडेवर आणखी थोडे.

लाल्या हा आमच्या हॉटेलातला सोनमासा आणि चांगी माझी लेक. दोघांनाही मी रोज इतक्या जवळून पाहत होते की कोणाला कुठं काय उगवलं हे मला तिसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

मलकापूर स्टेशनातून बाहेर पडलं की कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हॉटेल, आणि हॉटेलाच्या पाठीला पाठ लावून घर. मधल्या दाराशी काचेची टाकी. ही टाकी यांची, म्हणजे चांगीच्या बाबांची हौस. मुंबईला एका इराण्याच्या हॉटेलात तशी टाकी यांनी पाहिली आणि ती डोक्यात घेऊनच परत आले. तसबिरी मढवणाऱ्याकडून काचा कापून घेतल्या, पत्र्याची चौकट केली, सांध्यांत लांबी भरली. पुढच्या खेपेला दुधाच्या कॅनमधून मासे आणले, तेही अख्ख्या प्रवासात झाकण उघडं ठेवून, स्वतः न झोपता.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तेव्हा म्हणाले होते, "आलूबोंडे तळाचे सोडून मच्छ्या पाळून राह्यला, बह्याड!"

पण पोरं बापाचा हात ओढून मासे पाहायला येऊ लागली आणि बाप चहा घेऊ लागले, तशी टाकी हळूहळू मामाजींची झाली. "आमची मच्छी," ते गिऱ्हाइकाला सांगत. पहिल्या वर्षी एक काळी मासळी होती, कोळशी. तिचं पोट आधी पिवळं पडलं, मग बाजू, मग एक दिवस डोक्यावरचा शेवटचा काळा डागही गेला आणि ती अंगभर सोनेरी झाली. मामाजींनी त्या दिवशी बसलेल्या सगळ्यांना चहा पाजला. लक्ष्मी आली म्हणाले. रंग बदलला म्हणून तेव्हा कोणाच्या पोटात गोळा आला नाही. हे मी ध्यानात ठेवलं आहे.

दुपारची गाडी येऊन गेली की हॉटेल रिकामं होई. त्या वेळी मधलं दार अर्धं लोटून मी टाकीजवळ चांगीला पाजायला बसायची. ही पोरगी प्यायला भारी नखऱ्याची. दोन घोट घेतले की मान वळवायची, जणू दूध मी शेजारणीकडून उसनं आणलंय. पण समोर मासे फिरत असले की डोळे तिकडे आणि तोंड कामाला. तिचं पहिलं हसू मला नाही मिळालं, यांनाही नाही. ते लाल्यानं नेलं. काचेला तोंड लावून त्यानं बुडबुडा सोडला आणि ती बोळकं पसरून खुदकन हसली. मला हेवा वाटला आणि त्याच्याबद्दल मायाही वाटली, दोन्ही एकदमच.

फाल्गुन लागला. पाण्यातला गारवा गेला. लाल्या सकाळपासून ढेरीच्या मागे असायचा. ढेरी म्हणजे आमची सगळ्यांत गोल मासळी. तिचं पोट आता आणखी फुगलं होतं, एका बाजूला जरा जास्तच. लाल्या तिच्या पोटाला ढुश्या द्यायचा, ती शेवाळात शिरायची, तो मागून शिरायचा. मी चांगीला म्हणायची, "पाह्य पाह्य, लाल्याले घरदार नाही सुचून राह्यलं."

अशाच एका दुपारी मागच्या दारानं शालूबाई आल्या. पलीकडच्या पिठाच्या चक्कीवाल्यांच्या घरच्या. चाळणी परत द्यायच्या निमित्तानं त्या घरभर नजर फिरवून जातात.

"काय व कोकिळे, पोट्टीले पाजून राह्यली का मच्छ्यायले?"

"दोघायलेही."

"पोट्टीले त्याच पान्यानं धूत जाय. तो कोळसा सोन्याचा झाला म्हनतात, हेही उजळन जराशी."

चांगी सावळी आहे. माझ्यासारखी. मी म्हटलं, "तिले काय झालं उजळाले? तुमाले चष्मा लागला काय, शालूबाई?"

त्या हसल्या आणि टाकीकडे वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या. मग एकदम मागं सरकून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अव बाप्पा! याच्या तोंडाले माता आली!"

माता म्हणजे देवी. त्या दिवसांत खामगावाकडच्या कुठल्याशा खेड्यात देवीची साथ आल्याची आवई होती. गावात देवीचा डॉक्टर फिरत होता आणि बाया पोरं घेऊन मागच्या दारांनी पळत होत्या. चांगीलाही नुकतीच देवी टोचली होती. दंडावरची खपली अजून पडली नव्हती.

"माता नाही ते," मी म्हटलं. "तो चांगला खाऊन-पिऊन राह्यला."

"तुले काय समजते? माता काय मानसालेच येते? गाईच्या आचळाले नाही येत? आनि तिची पाह्य," त्यांनी ढेरीकडे बोट केलं, "तिले जलोदर झाला. टम्म फुगली. आनि तू पोट्टीचा हात त्या पान्यात बुडू देते? नुकतंच देवी टोचेल लेकरू!"

चाळणी ओट्यावर टाकून त्या गेल्या. दिवे लागायच्या आत सगळ्या रस्त्याला कळलं होतं की किसनरावच्या, म्हणजे मामाजींच्या, हॉटेलातल्या मच्छीला माता आली.

दुसऱ्या दिवशी एका गाडीवानानं पाण्याचा गिलास तोंडाशी नेला, टाकीकडे पाहिलं आणि गिलास तसाच खाली ठेवला. "किसनराव, पानी कोन्त्या माठातलं हाय?" त्यानं विचारलं. मामाजींचा चेहरा पडला. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः निंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या आणि हॉटेलाच्या दाराला बांधल्या. मग तळणाची कढई पालथी घातली.

आमच्याकडे ज्या घरात माता येते त्या घरात फोडणी देत नाहीत. तडतड ऐकून आणि तेला-मिरचीचा वास लागून ती कोपते म्हणतात. तळण नाही, फोडणी नाही, घरातल्यांनी दहीभात खायचा आणि हळू बोलायचं. माणसाला माता आली तर माणूस घरात ठेवून हे सगळं करतात. माशाला आली तर काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मामाजींनी दोन्ही ठरवलं. कढई पालथी राहील, आणि उन्हं कलली की मासे बादलीत घालून नळगंगा नदीत सोडायचे.

फाल्गुनातली नळगंगा म्हणजे चार डबकी आणि काठावर बसलेले बगळे. सोडायचे म्हणजे बगळ्यांना वाढायचे.

हे बादली घासत बसले होते. मी जवळ गेले.

"तुमाले दिसते ना तो कसा तुटून पडून खाऊन राह्यला?"

"दिसते."

"मंग सांगा ना मामाजीले."

"काय सांगू? लोकं पानी नाही पिऊन राह्यले आपल्या इथं. लोकायच्या डोळ्याले झाकन लावू काय?" मग बादलीकडे पाहत म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरे आनू."

"चांगीले काही झालं तं पुढच्या वर्षी दुसरी आनसान का?"

यांनी दचकून वर पाहिलं. मलाही माझं बोलणं लागलं. पण परत घेतलं नाही.

मी काही धीट जन्मले नाही. सोनाळ्याला माहेरी मी भावंडांत सगळ्यांत भित्री. त्या दिवशीही आत जाऊन पहिलं काय केलं असेल, तर चांगीच्या कपाळाला हात लावला. कोमट होतं. टोचल्यावर अंग थोडं तापतं हे डॉक्टर सांगून गेला होता. तरी हात तिथंच ठेवून मी उभी राहिले. उद्या हिला खरंच ताप चढला, अंगावर एक पुळी जरी उठली, तर सगळं खापर माझ्यावर येणार होतं: हिनं ऐकलं नाही, हिनं पोरीचा हात पाण्यात घातला. खापराचं सोडा. मलाच मी माफ केलं नसतं.

म्हणून पुन्हा टाकीपाशी गेले आणि नीट पाहिलं. जिद्दीनं नाही, भीतीनं पाहिलं. भीतीला बारीक दिसतं.

मला पिवळी आठवली. पहिल्याच पावसाळ्यात गेलेली मासळी. तिलाही पांढरे ठिपके आले होते, पण ते कसे, मीठ भुरभुरल्यासारखे. शेपटीवर, पाठीवर, डोळ्याच्या कडेला, वाटेल तिथं. आज दिसले त्याहून उद्या जास्त. तिनं पंख अंगाला चिकटवून घेतले होते, भिजलेली छत्री मिटून ठेवावी तसे. दगडाला अंग घासायची. दाणा टाकला तर तोंड फिरवायची आणि तळाशी बसून नुसते कल्ले हलवायची. यांनी पाण्यात मीठ टाकलं, बाकीचे वाचले, ती गेली.

लाल्याचे ठिपके फक्त गालावर आणि पंखाच्या कडेला. रोज होते तिथंच, ओळ सोडून एकही बाहेर नाही. पंख पताकेसारखे उघडे. रंग लखलखीत. आणि ढेरी फुगलेली खरी, पण खवले अंगाला बसलेले, गुळगुळीत; जलोदरात होतं तसं खवले उभे राहून ती सुकलेल्या कणसासारखी दिसत नव्हती. मी काचेला बोट लावलं, तर दोघंही आधी मला भेटायला आले, मग पुन्हा त्यांचा तो पाठलाग.

हे आजारी नव्हते. मी घरातल्या सगळ्यांकडे एकदा मनातल्या मनात पाहून घेतलं, तर त्या दिवशी सगळ्यांत धडधाकट तेच दोघं होते.

उन्हं कलली. हे बादली घेऊन आले, मागे मामाजी. मी टाकीला पाठ लावून खाली बसले, चांगीला मांडीवर घेतलं, पदर ओढला आणि तिला पाजायला लागले.

पाजणाऱ्या सुनेजवळ सासरा येत नाही. मामाजी दारातच थबकले आणि मान वळवून भिंतीकडे पाहत यांना म्हणाले, "तिले बाजूले व्हाले सांग."

"सांगा मामाजीले, लेकरू पिऊन राह्यलं," मी म्हटलं.

"झालं की उठ म्हना."

"आज तिले लय भूक लागली म्हना."

हे बादली धरून मध्येच उभे. चांगीचं पोट कधीचं भरलं होतं. पण ती शहाणी माझी, तोंड काढलं नाही. एक डोळा पदरातून बाहेर काढून बापाकडे पाहत राहिली. मामाजी खाकरले, दोनदा चप्पल वाजवली आणि तणतणत गल्ल्यावर जाऊन बसले. "वच्छला! तुह्या सुनेले पाह्य!"

मग आत्याबाई, माझ्या सासूबाई, आल्या.

आत्याबाईंच्या तोंडावर देवीचे वण आहेत. दोन्ही गालांवर, कपाळावर, एका पापणीवरसुद्धा. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण देवीचा डॉक्टर आमच्या दारी आला तेव्हा चांगीचा दंड धरून पुढं करणाऱ्या त्याच होत्या, आणि दारं लावून बसलेल्या बायांना "बह्याड" म्हणणाऱ्याही त्याच. त्यांच्याशी मला भांडायचं नव्हतं. त्यांची मला गरज होती.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"नाही उठत."

"कोकिळे, मातेशी खेळ नको करू. तुले ठाऊक नाही."

"मले नाही ठाऊक, आत्याबाई. तुमाले ठाऊक हाय. शालूबाईले नाही, मामाजीले नाही. या घरात माता पाह्यली ते तुमी पाह्यली. एकडाव या मच्छीले पाहा अन् सांगा. तुमी माता म्हनलं तं मी उठते. माह्या हातानं बादलीत टाकते."

आजवर त्यांनी टाकीकडे धड पाहिलंच नव्हतं. पुरुषांची हौस म्हणून सोडून दिलं होतं. आता गुडघ्यावर हात टेकून त्या माझ्याशेजारी बसल्या आणि काचेला नाक लागेल इतक्या पुढे झुकल्या. लाल्या आला, थांबला, त्यांच्याकडे पाहून बुडबुडा सोडला आणि ढेरीच्या मागे गेला.

मग त्या बोलल्या, पण माशांबद्दल नाही.

"माह्या भगवानले आली तं डोळे उघडत नव्हता तो. तुह्या नवऱ्याच्या आधीचा. लय खाऊ होता. तरी दूध पाजलं तं गालातून बाहेर. तळपाय, तळहात, जिभेवर. कुठी म्हनून जागा ठेवली नाही तिनं. उचलाले गेली तं कातडं माह्या हाताले. हालचाल नव्हती व. नुसता पडून राहे."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चांगीनं त्यांच्या पदराचं टोक ओढलं. हे बादली खाली ठेवून भिंतीला टेकले होते. मला वाटतं हे सगळं त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

टाकीत लाल्यानं ढेरीला अशी ढुशी दिली की ती अर्धी पाण्याबाहेर आली.

आत्याबाईंनी नाक उडवलं. "याले कायची माता! माजला हाय मेला. वयात येनाऱ्या पोट्ट्याच्या तोंडावर येतात ना, तसे दाने हायेत ते. ते पोटुशी दिसते, अन् याचं ध्यान पाहा. पोळ्याच्या आधीचा गोऱ्हा जसा."

यांना हसू फुटलं. मी हसले नाही. मला वाटलं, आता हसले तर रडेन.

"मंग निंब काढा," मी म्हटलं.

तिथं मात्र आत्याबाई घट्ट झाल्या. "निंब राहू दे. फोडनीही नको. असो नसो, पाच दिवस मातेचा मान राखू. मच्छ्या राहू द्या म्हनून सांगते मी यायले. झालं ना तुह्या मनासारखं?"

झालं नव्हतं. कढई पालथी म्हणजे आमच्या घरात माता आहे हे आम्हीच दाराला बांधून सांगणार. मग आज राहिलेली टाकी उद्या जाईल, कोणा गिऱ्हाइकाच्या पोराला साधा ताप आला तरी जाईल. आणि त्याच्यानंतर चांगीच्या अंगावर काही दिसेल, घामोळं, तीळ, काहीही, तेव्हा शालूबाई पुन्हा वाकून पाहतील आणि सगळे पुन्हा मागं सरकतील.

"आत्याबाई," मी म्हटलं, "ज्या दिवशी माता येईल त्या दिवशी मी पाच नाही, महिनाभर चूल थंड ठेवीन. खरं सांगते. पन आज ते आली नाही. जे आलीच नाही तिचा मान कसा राखाचा?"

त्यांना उत्तर द्यायला मी वेळ दिला नाही. चांगीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि मधलं दार ओलांडलं.

त्या दाराच्या पुढं मी कधी गेले नव्हते. हॉटेलाचा पुढचा भाग पुरुषांचा. बाकड्यांवर तिघंचौघं चहा घेत होते, त्यांच्या बशा तोंडाशी थांबल्या. मामाजी गल्ल्यावरून उठले. "अव, अव, काय करून राह्यली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं असतं तर परत फिरले असते. दारातली निंबाची डहाळी तेवढी डोळ्यांच्या कोपऱ्यातून हलताना दिसली. कढई सुलटी केली. शेगडीवर चढवली. तेल धारेनं न पडता भसकन पडलं. मोहरीचा डबा कुठं असतो ते मला माहीत नव्हतं. एक एक झाकण उघडून पाहावं लागलं, आणि तेवढा वेळ सगळं हॉटेल गप्प. रस्त्यावर शालूबाई उभ्या होत्या. त्यांना कसं कळतं देव जाणे.

"किसनराव," त्या बाहेरूनच ओरडल्या, "सुनेले आवरा! गाव जाळसान!"

तेल तापलं. मी मोहरी टाकली.

ती तडतडली ना, तशी तडतड मी कधी ऐकली नव्हती. रोज चुलीवर देते तीच फोडणी, पण त्या शांततेत जणू कोणी फटाक्यांची लड लावली. मागोमाग जिरं, मग लाल मिरच्या, मूठ भरून, कारण मोजून टाकायचं भान कोणाला होतं? धूर उठला आणि बाकड्यांवरून, गल्ल्यावरून, रस्त्यापर्यंत पसरला. पहिला ठसका मामाजींना लागला. मग चहा पिणाऱ्यांना. शालूबाई तोंडाला पदर लावून खोकत खोकत चक्कीकडे गेल्या. एक म्हातारा शेतकरी डोळे पुसत म्हणाला, "भजे होऊन राह्यले का, बाई? मंग बसतो जरासा."

मागं मधल्या दारात आत्याबाई चांगीला घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी वळले. कढईतला धूर आमच्या दोघींच्या मध्ये होता. चांगीनं नाक आक्रसलं आणि एकामागून एक शिंकली, इवल्याशा, मांजराच्या पिल्लासारख्या शिंका. आत्याबाईंनी तिचं तोंड पदरात झाकलं, तिच्या कपाळावर गाल टेकवून पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीही ऐकायला तयार होते.

"मिरची लय टाकली व," त्या म्हणाल्या. "पोट्टीच्या नाकात गेली. बाकीची काढ थाळीत, अन् बेसन कालव. तेल जळून राह्यलं."